सात महिने न भरलेली जखम आणि जांघेतली झडप: एक प्रकरण अभ्यास

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या किनारपट्टीच्या एका गावातलं हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे. पायातल्या फुगलेल्या शिरांमुळे (व्हेरिकोज व्हेन्स) न भरणारी घोट्यावरची जखम, तिच्यावर सात महिने चाललेली पट्टी आणि तेवढ्या काळात कुणीही बाईंना उभं करून पाय न पाहणं, हा या प्रकरणाचा गाभा.

पार्श्वभूमी

बाई सत्तेचाळीस वर्षांच्या. तीन बाळंतपणं, तिन्ही घरची नाहीत, दवाखान्यातली. सोळा वर्षं गावाजवळच्या काजू कारखान्यात कटिंगला. हात आणि पाय दोन्हींनी चालणारं कटर मशीन. उजवा पाय पेडलवर, शरीराचा सगळा भार डाव्या पायावर, खाली सिमेंटची कोबा केलेली जमीन. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेपाच, मध्ये जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी. पैसे किलोवर मिळत असल्यामुळे मध्ये उठून फिरणं म्हणजे मजुरी कमी. पावसाळ्यात पंधरा-वीस दिवस घरच्या भाताची लावणी, ऑक्टोबरात कापणी.

डाव्या पोटरीवरच्या शिरा दुसऱ्या बाळंतपणातच दिसू लागल्या होत्या. बाळंतपणानंतर त्या थोड्या बसल्या, तिसऱ्या वेळी वाढल्या आणि मग तशाच राहिल्या. आईचेही पाय तसेच होते. म्हणून घरात याला कुणी आजार मानलंच नाही, ‘आमच्याकडे सगळ्यांच्या नसा अशाच’ एवढंच. गेल्या चार-पाच वर्षांत संध्याकाळी घोटा सुजायचा आणि सकाळी उतरायचा. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी आधी खाजरी झाली, मग तांबूस, मग काळपट आणि शेवटी लाकडासारखी टणक.

शिमग्याच्या आठवड्यात अंगणातल्या चिऱ्याच्या पायरीची कड घोट्याला घासली. बोटाच्या पेराएवढं खरचटलं. तेच ऑक्टोबरपर्यंत चार सेंटिमीटर लांब आणि तीन रुंद झालं.

सात महिन्यांत काय काय झालं

उपचार झाले नाहीत असं नव्हे. उलट पुष्कळ झाले. सुरुवातीला घरी हळद आणि खोबरेल. मग एका खाजगी दवाखान्यात एक दिवसाआड ड्रेसिंग. जखमेच्या स्वॅबमध्ये जंतू सापडले म्हणून प्रतिजैविकांचे चार कोर्स. पायाच्या अशा उघड्या जखमेचा स्वॅब घेतला तर जंतू जवळजवळ नेहमीच सापडतात. भोवती पसरणारी लाली, वाढती वेदना किंवा ताप नसेल तर गोळ्यांनी जखम भरायला मदत होत नाही. इथे यातलं काहीच नव्हतं.

जूनमध्ये जखमेभोवतीची कातडी लाल होऊन पाझरू लागली. ‘इन्फेक्शन वाढलं’ म्हणून निओमायसिन असलेलं मलम दिवसातून दोनदाऐवजी तीनदा झालं आणि पाझर आणखी वाढला. तो संसर्ग नव्हता, त्या मलमाचीच ॲलर्जी होती. शिरांमुळे झालेल्या जुन्या जखमा असलेल्यांची कातडी निओमायसिन, सुगंधी क्रीम, रबर आणि लोकरीतला मेणकट पदार्थ यांना फार लवकर चिडते. मलम बंद करणं हाच तिथे उपाय होता.

जुलैत त्या जखमेवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून लावणीला उतरल्या. पिशवीत पाणी शिरून कातडी पांढरी पडली. उघडी जखम घेऊन चिखलात उतरण्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो, हे कुणी सांगितलं नाही. दुर्दैव टळलं एवढंच.

नवऱ्याच्या ओळखीतल्या एकाने जळवा लावायचं सुचवलं. दोनदा लावल्याही. त्यानंतर तासाभर पाय हलका वाटायचा. त्यात नवल नाही, काही मिलिलिटर रक्त निघालं की ताण क्षणभर कमी होतोच. पण बाई उभ्या राहिल्या की वरून तेवढंच रक्त काही सेकंदांत पुन्हा खाली येतं. गळका नळ तसाच ठेवून बादली उपसण्यासारखं ते होतं.

पहिला निर्णायक क्षण: न्हाणीतला रक्तस्राव

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी कामावरून आल्यावर बाई न्हाणीत कढत पाण्याने अंघोळ करत होत्या. दिवसभर उभं राहून शिरा तुडुंब, त्यात कढत पाण्याने त्या आणखी फुगलेल्या. जखमेच्या कडेची खपली निघाली आणि रक्ताची चिळकांडी उडाली. दुखलं अजिबात नाही, त्यामुळे फरशी लाल झालेली दिसेपर्यंत कळलंही नाही.

घरच्यांनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि गुडघ्याच्या वर पदर करकचून बांधला. दोन्ही गोष्टी उलट्या होत्या. बसल्यावर पाय खालीच राहतो. आणि वरून बांधलेल्या फडक्याने शिरेतलं रक्त वर जायचा रस्ता बंद होतो, धमनीतून खाली येणारं मात्र चालू राहतं. म्हणजे पाय आणखी भरतो. रक्त वाढलं. सुनेने आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीला फोन केला, “रगात थांबणा नाय!”

आशाताई शेजारच्याच वाडीतल्या. आल्या आल्या त्यांनी वरचं फडकं सोडलं. “काकी, आधी आडव्या पडा,” म्हणत त्यांना जमिनीवर झोपवलं, पाय भिंतीला टेकवून वर केला आणि घडी केलेलं स्वच्छ फडकं नेमकं रक्त येणाऱ्या जागेवर तळहाताने दाबून धरलं. पंधरा मिनिटं हात काढला नाही, मध्ये उचलून पाहिलंही नाही. रक्त थांबलं. शिरेतल्या रक्ताचा दाब पाय हृदयापेक्षा वर नेला की शून्याजवळ येतो, म्हणून एवढ्याने भागतं. फुगलेल्या शिरेतून झालेल्या रक्तस्रावाने माणसं दगावली आहेत, आणि त्यातली बरीचशी बसलेली किंवा उभी असताना. प्रत्येक आशा कार्यकर्तीला आणि असे पाय असलेल्या प्रत्येक घराला एवढी कृती माहीत असलीच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बाईंना स्टुलावर उभं राहायला सांगितलं. सात महिन्यांत पहिल्यांदाच.

उभ्या पायात काय दिसलं

आडव्या पायात शिरा रिकाम्या होतात. टेबलावर झोपवून पाहिलेल्या त्याच पायाच्या नोंदीत आधी ‘त्वचाविकार’ असं लिहिलेलं होतं. दोन मिनिटं उभं केल्यावर मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत आणि तिथून पोटरीवर करंगळीएवढी जाड, वळणावळणाची शीर उठून आली. जांघेत बोटं ठेवून खोकायला सांगितलं तर बोटांना धक्का जाणवला.

शिरांमुळे झालेली जखम आहे असं ठरवण्याआधी दुसऱ्या शक्यता बाजूला काढाव्या लागतात. तळपायाच्या नाड्या व्यवस्थित लागत होत्या. हातातल्या डॉप्लरवर (रक्ताचा प्रवाह ऐकवणारं छोटं यंत्र) घोट्याचा वरचा (सिस्टोलिक) दाब १२६ आणि दंडाचा १२०, म्हणजे गुणोत्तर १.०५. हे मोजल्याशिवाय दाबपट्टी बांधू नये. ०.८ च्या खाली गेलं तर नेहमीचा पूर्ण दाब देता येत नाही, ०.५ च्या खाली दाब देणं म्हणजे पाय गमावण्याला आमंत्रण. मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा खोटाच जास्त येऊ शकतो, म्हणून साखर तपासली. ती ठीक होती. हिमोग्लोबिन ९.२ निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. कोकणाला हत्तीरोग अनोळखी नाही, त्यामुळे तीही शंका घेतली. पण पायाची बोटं सुजलेली नव्हती, दुसऱ्या बोटाच्या बुडाशी कातडी चिमटीत येत होती आणि रात्री घेतलेल्या रक्तात काही आढळलं नाही. पोट तपासून ओटीपोटात गाठ नाही याची खात्री केली. बाळंतपणानंतर किंवा कधी पाय एकाएकी, एकाच बाजूने, दुखत सुजला होता का, हेही विचारलं. खोल शिरेत पूर्वी गुठळी झाली असेल तर सगळा हिशेब बदलतो. तसं झालेलं नव्हतं.

कलर डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, उभ्या स्थितीतच करून घेतली. चिठ्ठीवर ‘उभं करून’ असं मुद्दाम लिहावं लागलं. अहवाल असा: खोल शिरा मोकळ्या. मांडीच्या आतून जाणारी ग्रेट सॅफेनस शीर ८.५ मिलिमीटर जाड. जांघेत ती खोल शिरेला मिळते तिथली, रक्त उलटं येऊ न देणारी झडप निकामी, रक्त ३.२ सेकंद उलटं वाहतं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त असेल तर ते बिघाड धरतात. जखमेच्या बरोबर खाली, वरच्या आणि खोल शिरांना जोडणारी एक जोडशीरही गळकी.

हे कशामुळे झालं

घरच्यांचा प्रश्न हाच होता आणि तो रास्त होता. कारखान्यामुळे? की बाळंतपणामुळे? की आईकडून आलं?

स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरेत साधारण ८० ते ९० मिमी पाऱ्याचा दाब असतो. हृदयापासून घोट्यापर्यंत उभ्या असलेल्या रक्ताच्या खांबाचं ते वजन. चालायला लागलं की पोटरीचा स्नायू खोल शिरा पिळून रक्त वर ढकलतो, झडपा ते परत येऊ देत नाहीत आणि दाब ३० च्या आसपास उतरतो. झडपा गळक्या असतील तर पोटरीने वर ढकललेलं रक्त वरच्या शिरेतून पुन्हा घोट्यावर येतं. चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. तो वर्षानुवर्षं तसाच राहिला की केशवाहिन्यांतून पाणी, प्रथिनं आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात. त्यातल्या लोहाने कातडी तपकिरी होते, सततच्या दाहाने टणक होते आणि मग पायरीच्या एका ओरखड्यालाही भरून यायची ताकद तिच्यात उरत नाही.

झडप पहिल्यांदा का निकामी होते? बहुतेक वेळा झडप फाटत नाही. शिरेची भिंत सैल पडून शीर रुंदावते आणि झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत. भिंतीचा हा सैलपणा घराण्यातून येतो, बाईंच्या आईचे पाय त्याची साक्ष होते. गरोदरपणात त्यात तीन गोष्टींची भर पडते: प्रोजेस्टेरॉनने भिंत आणखी शिथिल होते, अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं आणि वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर बसतं. तीन बाळंतपणांत हे तीनदा झालं. एक झडप गेली की तिच्या वाट्याचं वजन पुढच्या झडपेवर येतं.

कारखान्याचं काम मूळ कारण होतं असं म्हणता येणार नाही. त्याच ओळीत उभ्या राहणाऱ्या अनेकींचे पाय ठीक आहेत. पण ज्या पायाच्या झडपा आधीच सैल, तोच पाय सोळा वर्षं दिवसाचे आठ तास न हलता भार पेलत होता. उजवा पाय पेडल दाबताना थोडा तरी हलत होता. उजव्या पायातही गळती होती, पण कातडी चांगली होती.

विचारात घेतलेले पर्याय

नुसतं ड्रेसिंग चालू ठेवणं बाद झालं, त्याचा निकाल सात महिन्यांनी दिलाच होता. डायोस्मिनच्या गोळ्यांनी जडपणा आणि सूज कमी होते, पण झडप त्याने दुरुस्त होत नाही. सोबतीला म्हणून त्या ठेवल्या.

दाबपट्टी हा पाया. त्यावर वाद नव्हता. प्रश्न होता गळकी शीर बंद केव्हा आणि कशी करायची.

जांघेत शीर बांधून ती ओढून काढण्याची जुनी शस्त्रक्रिया चांगलीच आहे, पण त्यात भूल, टाके आणि दोन-तीन आठवडे कामाला सुट्टी. शिरेत औषधाचा फेस सोडून ती बंद करणं स्वस्त, मात्र ८.५ मिलिमीटरच्या शिरेत ती पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त. रेडिओफ्रिक्वेन्सीने किंवा लेझरने शीर आतून भाजून बंद करणं हा तिसरा मार्ग. जागेवरच भूल, त्याच दिवशी चालत घरी, पण खर्च जास्त. सोय गोव्यातल्या बांबोळीला, कोल्हापूरला की जिल्ह्यातच, आणि सरकारी योजनेत कोणत्या शस्त्रक्रियेला मंजुरी मिळते, हे आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याकडे) विचारून घेतलं. खर्च ठरल्यावर चौकशी करण्यापेक्षा हे बरं.

जखम भरेपर्यंत थांबावं, असं पूर्वी सांगत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या अभ्यासाने ते बदललं. दाबपट्टीसोबत दोन आठवड्यांत शीर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांची जखम ५६ दिवसांत भरली, थांबलेल्यांपैकी निम्म्यांची ८२ दिवसांत. सर्जननी हे समजावलं. बाईंचं उत्तर ठाम होतं, “भात कापून होऊंदे, मगे येतंय.” घरचं वर्षभराचं भात होतं ते. जबरदस्ती केली असती तर त्या परत आल्या नसत्या. पट्टी आजपासून आणि शीर बंद करणं चार आठवड्यांनी, असं ठरलं. कापणीला बाईंनी वाकायचं नाही, घरात बसून पेंढ्या मोजायच्या, हे नवऱ्याने कबूल केलं आणि पाळलं.

प्रत्यक्ष उपचार

पट्टी बांधणं सोपं दिसतं आणि बहुतेक ठिकाणी चुकतं तेही तिथेच. सून दोन दिवस आरोग्य केंद्रात बसून नर्सबाईंकडून शिकली. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, पायात सूज भरायच्या आत बांधायची. जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायची, फेस येणारं औषध ओतायचं नाही. न चिकटणारी जाळी, वर गॉझ. भोवतीच्या कोरड्या कातडीला साधं पेट्रोलियम जेली. मग कापसाचा मऊ थर, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत जास्त, म्हणजे पाय गोल होतो. पाऊल काटकोनात धरून पट्टी बोटांच्या बुडापासून सुरू, टाच झाकून, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर, गुडघ्याखाली दोन बोटं सोडून शेवट. ओढ सगळीकडे सारखीच. घोटा बारीक आणि पोटरी जाड असल्यामुळे सारख्या ओढीने दाब आपोआप खाली जास्त आणि वर कमी पडतो. घोट्याशी ४० मिमी पारा हे लक्ष्य होतं.

पहिल्या आठवड्यात सुनेने घोट्यापासून सुरुवात केली आणि पाऊल पावासारखं फुगलं. पट्टी घसरू नये म्हणून गुडघ्याखाली शेवटचा वेढा आवळला, तर तिथे कडा उमटली. दोन्ही चुका दुसऱ्याच दिवशी सुधारल्या. साध्या क्रेपची ताकद काही तासांत उतरते, म्हणून कमी ताणाच्या पट्टीचा संच आणवला. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा पाय वर करूनही कळ थांबली नाही तर लगेच सोडायची, हे भिंतीवर लिहून ठेवलं. झोपताना पायाकडची बाजू उंच करण्यासाठी खाटेच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या.

कामाचं काय, हा सगळ्यात अवघड निर्णय ठरला. सोलणीला बसवतो, असं मुकादम म्हणाले. सोलणीत मजुरी कमी, आणि पाय लोंबकळत सात तास बसणं पायाला फारसं चांगलंही नाही. शेवटी दोन तास कटिंग, एक तास सोलणी असं ठरलं. कटिंगच्या वेळी दर अर्ध्या तासाने वीस वेळा टाचा उचलायच्या. डाव्या पायाखाली एक फळकूट ठेवलं, त्यावर पाय आलटूनपालटून टेकवता येत होता. जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं चालणं.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रेडिओफ्रिक्वेन्सी झाली. गुडघ्याखाली सुईने आत शिरून कॅथेटरचं टोक जांघेच्या जोडापासून दोन सेंटिमीटर अलीकडे ठेवलं, शिरेभोवती भुलीचं पातळ केलेलं पाणी भरलं आणि १२० अंश सेल्सिअसला सात-सात सेंटिमीटरचा एकेक टप्पा वीस सेकंद भाजत शीर बंद केली. जखमेखालच्या जोडशिरेत आणि फांद्यांत फेस सोडला. अर्ध्या तासात बाई वऱ्हांड्यात चालत होत्या. आठवड्याने पुन्हा डॉप्लर, गुठळी खोल शिरेत सरकली नाही याची खात्री करायला.

परिणाम

घोट्याचा घेर दोन आठवड्यांत २७ वरून साडेचोवीस सेंटिमीटरवर आला. शीर बंद करायच्या वेळी जखम ३ बाय २ उरली होती, आठव्या आठवड्यात एक सेंटिमीटर, अकराव्यात बंद. काळपटपणा राहिला आणि तो राहणारच.

जखम भरल्यावर गुडघ्याखालचे दुसऱ्या श्रेणीचे, २३ ते ३२ मिमी पाऱ्याचे मोजे दिले, सकाळी घोटा आणि पोटरी मोजून. एप्रिल-मेच्या उकाड्यात ते खुंटीला लागले. जूनमध्ये घोटा पुन्हा खाजू लागला, सूज दिसली. जखम उघडण्याआधी आशाताईंच्या नजरेला पडलं आणि मोजे परत पायात आले. शीर बंद केल्याने जखम परतण्याची शक्यता बरीच कमी होते. २००४ च्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात वर्षभरात १२ टक्के विरुद्ध नुसत्या दाबपट्टीने २८ टक्के असा फरक दिसला होता. पण १२ म्हणजे शून्य नव्हे.

वेगळं काय करता आलं असतं

घोट्याच्या आतल्या बाजूची जखम दोन आठवड्यांत लहान होत नसेल, तर मलम बदलण्याऐवजी रुग्णाला उभं करणं आणि डॉप्लरने दाब मोजणं. हे एप्रिलमध्येच झालं असतं तर चार प्रतिजैविकं, ॲलर्जी आणि न्हाणीतली ती संध्याकाळ टळली असती. त्याही आधी, कातडी काळवंडली तेव्हाच शिरा तपासायला हव्या होत्या. कुणी तरी पाय दाखवायला आल्यावर ‘नसा तर तुमच्याकडे सगळ्यांनाच’ असं म्हणून परत पाठवणं ही यातली सगळ्यात महाग चूक. बाईंना आठ वर्षांपूर्वी एकदा असंच परत पाठवलं होतं.

तीन महिन्यांवर गेलेल्या जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला घ्यायला हवा होता. जुन्या जखमेत क्वचित कर्करोग होतो. इथे जखम लगेच भरू लागल्याने तो घेतला गेला नाही. निकाल चांगला लागला, पण तो निर्णय चांगला होता असं त्यावरून ठरत नाही.

चार आठवडे थांबणं टाळता आलं असतं का? कापणीसाठी दोन मजूर आणायचा खर्च आणि लांबलेल्या ड्रेसिंगचा खर्च मांडून दाखवला असता तर कदाचित. तो हिशेब त्या वेळी कुणी केला नाही.

मोजे देताना उन्हाळ्याचा विचार व्हायला हवा होता. कोकणातल्या मे महिन्यात ते दिवसभर घालणं खरंच कठीण. पूर्ण सोडण्यापेक्षा कमी दाबाची जोडी, किंवा निदान कारखान्याच्या वेळेपुरते तरी मोजे, हे आधीच सांगून ठेवायला हवं होतं. दुसरी गोष्ट पावसाची. ओले मोजे चुलीपाशी वाळवल्याने एका जोडीचं इलॅस्टिक महिनाभरात मेलं. त्यांना दोन जोड्या लागतात, सौम्य साबणाने धुऊन, न पिळता, सावलीत वाळवलेल्या, आणि सहा महिन्यांनी बदललेल्या.

उजव्या पायाची शीर अजून बंद केलेली नाही. त्या पायातही आता मोजा आहे. बाईंची धाकटी मुलगी सहा महिन्यांची गरोदर आहे. तिच्या पोटरीवर निळ्या रेषा दिसू लागल्या आहेत. आरोग्य केंद्रातल्या तपासणीत तिला स्टुलावर उभं करून पाहिलं आणि आत्ताच गुडघ्याखालचे मोजे दिले.